'घरात कोणी अपंग आहे का?'

(द्वितीय वर्ष, कला)

जनगणनेला आमची आजी अजून खानेसुमारी म्हणते. खाने म्हणजे घरे आणि सुमारी म्हणजे मोजणी. शब्द जुना आहे, पण मोठा नेमका आहे. कारण आपल्याकडे घरे मोजली जातात, माणसे मात्र घरातल्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून ऐकून लिहून घेतली जातात. तो जेवढी सांगेल तेवढी माणसे, आणि तो जशी सांगेल तशी. या लेखात मला जे मांडायचे आहे ते एवढेच, की आपल्या देशातील अपंगांची मोजणी या दोन शब्दांच्या मधल्या फटीत हरवून गेली आहे. आणि जो मोजलाच गेला नाही, त्याच्यासाठी शाळेत उतरती वाट बांधली जात नाही, श्रवणयंत्र मागवले जात नाही, आणि ग्रामसभेत त्याचा विषयही निघत नाही.

प्रथम आकड्यांकडे वळू. आकडे म्हटले की कलाशाखेचा विद्यार्थी पान उलटतो (वार्षिकातील वैचारिक लेखाचे पान तर तो उलटतोच!), परंतु येथे आकडेच गोष्ट सांगतात, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

इंग्रजांनी १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, बहिरे-मुके, आंधळे आणि कुष्ठरोगी यांची नोंद घेतली. हे शब्द त्या काळचे आहेत, त्यांचा हेतूही फारसा कनवाळू नव्हता. पण नोंद होती. पुढे १९४१ पासून १९७१ पर्यंत हा प्रश्नच जनगणनेतून गेला. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते, म्हणून त्या वेळी प्रश्न परत आला, पण कसा? 'पूर्ण आंधळे', 'पूर्ण पांगळे' आणि 'पूर्ण मुके' एवढेच मोजायचे. उत्तर आले सुमारे ११ लाख. देशाची लोकसंख्या तेव्हा ६८ कोटींच्या घरात होती. म्हणजे सहाशे माणसांमागे एक अपंग! १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गायब. २००१ मध्ये तो परत आला तोही आपोआप नव्हे. दिल्लीचे जावेद अबिदी हे स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वावरणारे कार्यकर्ते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी आग्रह धरला, आंदोलन केले, तेव्हा कुठे फॉर्मात एक रकाना वाढला. (अबिदी २०१८ मध्ये वारले. मराठी वृत्तपत्रांतून त्यांच्याविषयी फारसे काही माझ्या वाचनात आले नाही.) त्या रकान्यातून निघालेली संख्या होती २ कोटी १९ लाख.

वीस वर्षांत देशातले अपंग वीस पट झाले काय? तसे काही झाले नव्हते. प्रश्न बदलला होता.

पुढची गंमत तर आणखी बोलकी आहे. २००१ मध्ये दृष्टीचे अपंगत्व असलेले १ कोटी ६ लाख होते, ते २०११ मध्ये ५० लाखांवर आले. उलट ऐकण्याचे अपंगत्व असलेले साडेबारा लाखांवरून एकदम ५० लाखांवर गेले. दहा वर्षांत पन्नास लाख लोकांना दृष्टी आली आणि अडतीस लाख लोक बहिरे झाले असा याचा अर्थ कोणी लावू नये. २००१ मध्ये एकाच डोळ्याने दिसणारा माणूस अपंगांत धरला होता, २०११ मध्ये तो वगळला. कानात यंत्र घालून ऐकणारा माणूस २००१ मध्ये वगळला होता, २०११ मध्ये तो धरला. एवढ्या एका सूचनेने लाखो माणसे यादीत आली आणि लाखो बाहेर गेली, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

२०११ ची एकूण संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, पंचेचाळीस माणसांमागे एक. त्यात महाराष्ट्रातले २९ लाख ६३ हजार. त्याच २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा अंदाज दिला तो १५ टक्के होता, आणि २०२२ मध्ये तो १६ टक्के झाला. म्हणजे सहा माणसांमागे एक. आता आपला देश काही सहा-सातपट धडधाकट नाही. ज्या देशात कुपोषण आहे, उसाच्या चरकात आणि मळणीयंत्रात हात जातात, बाळंतपणे घरी झालेल्या पिढ्या अजून हयात आहेत, त्या देशात अपंगत्व जगाहून कमी असावे हे पटण्याजोगे नाही. आपण कमी अपंग नाही. आपण कमी विचारतो.

मागील हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका खेड्यात सात दिवस होतो. तेथील ग्रामपंचायतीला आपल्या गावातील दिव्यांगांची यादी अद्ययावत करून हवी होती. त्याचे कारण वाचकांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून सांगते. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी ती तीन टक्के होती. पैसे आहेत, पण कोणासाठी ते ठाऊक हवे, म्हणून यादी. आम्हाला जो छापील कागद मिळाला त्यावर एकच प्रश्न होता: 'घरात कोणी दिव्यांग व्यक्ती आहे का? असल्यास प्रमाणपत्र क्रमांक.' पहिल्या दिवशी आम्ही मुली दारोदार फिरलो आणि दारोदार एकच उत्तर मिळाले, "नाय बा, आमच्यात तसलं कुणी नाही."

'तसलं' या एका शब्दात सारे आले! अपंग म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर देवळाच्या पायरीवरचा हात पसरलेला माणूस येतो. आपल्या घरातल्या माणसाला त्या पायरीवर कोण बसवील? शब्द बदलल्याने हे जाईल म्हणून गेल्या दहा वर्षांत 'दिव्यांग' हा शब्द रूढ करण्यात आला. हेतू चांगला असेल. पण त्या गावात मी पाहिले की नव्या शब्दालाही तोच वास लागला आहे. शिवाय पुष्कळांना तो कळतच नव्हता. एका आजीबाईंनी तर "ते सरपंचाच्या आळीत राहतात" असे सांगून आम्हाला पुढे धाडले.

रात्री शेकोटीपाशी अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक निराळी प्रश्नावली सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्र आयोगाखाली २००१ मध्ये एक गट स्थापन झाला, त्याला वॉशिंग्टन ग्रुप म्हणतात. त्याने सहा प्रश्न तयार केले आहेत आणि अनेक देशांनी ते आपल्या जनगणनांत वापरले आहेत. त्यांची खुबी अशी की त्यांत 'अपंग' हा शब्द एकदाही येत नाही. चष्मा लावला तरी दिसायला अडचण येते का? श्रवणयंत्र वापरले तरी ऐकायला अडचण येते का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा चित्त एकाग्र करायला? अंघोळ करणे, कपडे घालणे अशी स्वतःची कामे करायला? आणि आपल्या रोजच्या भाषेत दुसऱ्याचे समजून घ्यायला वा आपले समजावून द्यायला? प्रत्येकाची उत्तरे चारच: अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, अजिबात जमत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच घरांत हे सहा प्रश्न घेऊन गेलो. ज्या गृहस्थांनी आदल्या दिवशी 'तसलं कुणी नाही' म्हटले होते, त्यांच्याच ओसरीवर त्यांच्या मातोश्री तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पाहिले, त्या खडे डोळ्यांनी शोधत नव्हत्या, बोटांनी शोधत होत्या. पहिला प्रश्न विचारताच मुलगा सहज म्हणाला, "म्हातारीला दिसत नाही की! पण ती म्हातारी हाय, अपंग कुठं हाय?" म्हातारपणी दिसेनासे झाले तर ते अपंगत्व नाही, ते वय आहे! मग मोतीबिंदू आहे की आणखी काही, हे कोणी पाहिलेच नव्हते. आणखी एका घरी सून म्हणाली की सासूबाई दोन वर्षे उंबऱ्याबाहेर गेलेल्या नाहीत, गुडघे धरले आहेत. एका घरातला मुलगा तीन वर्षे एकाच इयत्तेत होता, त्याला सगळे 'ढ' म्हणत; चौथा प्रश्न आला तशी त्याची आई बराच वेळ बोलत राहिली. असे तिला कोणी पूर्वी विचारलेच नव्हते. (किती घरांत काय निघाले याचा तक्ता मी येथे देत नाही. पन्नास-साठ घरांचा हिशेब म्हणजे अभ्यास नव्हे, आणि अर्धवट आकड्यांवरच तर हा लेख आहे.)

हे सहा प्रश्न म्हणजे काही रामबाण नव्हे. मनाच्या आजाराने खंगलेला माणूस त्यांतून नीट सापडत नाही. लहान मुलांसाठी ते पुरत नाहीत, म्हणून युनिसेफच्या साह्याने २०१६ मध्ये वेगळी प्रश्नावली करावी लागली. आणि आपल्या नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी मुलाला सिकलसेल असेल, तर बरे असताना तो सहाही प्रश्नांना 'अडचण नाही' म्हणेल. वस्तुतः २०१६ च्या कायद्याने ज्या २१ अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत सिकलसेलही आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र आठच प्रकार होते. म्हणजे कायदा एकवीस ओळखतो आणि शेवटची मोजणी आठ!

आता प्रमाणपत्राविषयी, कारण खरे दुखणे तेथे आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ मध्ये झाली. तीत अपंग म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांपैकी प्रमाणपत्र होते फक्त २८.८ टक्क्यांकडे. आधीच मोजणी तोकडी, त्यात दहांतल्या सातांकडे कागद नाही. आणि आमच्या शिबिरातल्या छापील फॉर्मासारखे फॉर्म 'असल्यास प्रमाणपत्र क्रमांक' विचारून मोकळे होतात.

माझी थोरली बहीण लहानपणी तापाने फणफणली आणि त्यानंतर तिला कमी ऐकू येऊ लागले. मागच्या बाकावर बसून तिला गुरुजींचे काही कळेना. पाचवीत तिची शाळा सुटली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली; पण अभ्यासात ती माझ्याहून हुशार होती असे आई अजून म्हणते. २०११ मध्ये जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा मी चार वर्षांची होते, मला काही आठवत नाही. आई सांगते, गुरुजींनी विचारले, घरात कोणी अपंग आहे का, आणि आजोबा ताडकन म्हणाले, "नाही. पोरीची जात, उद्या स्थळं यायची हायत." झाले! तिच्या पुढच्या रकान्यात 'नाही' पडले. आजोबांना मी दोष देत नाही. त्यांना जो प्रश्न कळला तो ऐकण्याविषयीचा नव्हता, तो लग्नाविषयीचा होता. २०११ च्या मोजणीत अपंग पुरुष दीड कोटी आणि स्त्रिया एक कोटी अठरा लाख निघाल्या, यात अशा किती आजोबांची उत्तरे मिसळली आहेत, याचा विचार समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी मजुरी बुडवून तिला तपासणीला नेले. पहिल्या खेपेस तज्ज्ञ डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेस कान तपासायचे यंत्र बंद, तिसऱ्या खेपेस तपासणी झाली. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या आत भरले. चाळीसच्या खाली राखीव जागा नाहीत, योजना नाहीत. नियम आहे, तो कोठेतरी रेघ मारणारच, हे मी समजू शकते. सगळ्यांना सगळे देता येत नाही. परंतु मला विचारायचे आहे ते वेगळेच. तिला सवलत मिळू नये हे एक वेळ मान्य. पण तिला ऐकू येत नाही, ही गोष्टही कोठे लिहिली जाऊ नये?

यादी आणि मोजणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यादी ही देण्यासाठी असते. तिच्यात नाव हवे, कागद हवा, टक्के हवेत. मोजणी ही ठरवण्यासाठी असते. तिला नावही नको. गावच्या शाळेत किती मुलांना फळा दिसत नाही, किती बाया हौदापर्यंत चालू शकत नाहीत, दवाखान्याला पायऱ्या असाव्यात की उतार, एसटी स्थानकावर गाडी नुसती पुकारावी की फळ्यावरही लिहावी, हे ठरवायला प्रमाणपत्र लागत नाही. आपण यादीलाच मोजणी समजतो. मग जेवढी प्रमाणपत्रे तेवढीच माणसे गृहीत धरून सारे बांधले जाते आणि शेवटी 'आमच्याकडे मागणीच नाही' असा शेरा पडतो.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो कचेरीतल्या साहेबांचा असता तर मी इतक्या गंभीरपणे घेतला नसता. तो त्या गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका काकांचा आहे. पोलिओने त्यांचा एक पाय लहानपणीच गेला. ते म्हणाले, "पोरींनो, तुम्ही असं विचारत सुटलात तर निम्मं गाव अपंग निघंल. पाच टक्क्यांत आधीच काय येतंय? त्याला आणखी वाटेकरी कशाला?" ज्याने आयुष्यभर घासासाठी रांग धरली, त्याला रांग लांबलेली कशी आवडेल? मी त्यांना तेथे नीट उत्तर देऊ शकले नाही, कारण गिरणीचा आवाज फार होता. येथे देते. काका, प्रश्नाला उत्तरे चार आहेत ती याचसाठी. 'थोडी अडचण' म्हणणारा आणि 'अजिबात जमत नाही' म्हणणारा एका पंगतीत बसत नाही. देशोदेशींची तुलना करतानाही 'खूप अडचण' आणि त्याच्या पुढचेच धरतात. तुमच्या वाट्याला कोणी हात लावत नाही. पण गावात खूप अडचण असलेली माणसे किती हे एकदा ग्रामसभेत आकड्याने कळले, तर पाच टक्के अपुरे आहेत हे म्हणायला तुमच्यामागे माणसे उभी राहतील. आज तुम्ही एकटे भांडता.

दुसरी भीती अब्रूची आहे, आणि ती खोटी नाही. गावात कागद गुप्त राहत नाही. ज्या घरी लग्नाची मुलगी आहे त्या घरी तर नाहीच. म्हणून नाव आणि आकडा वेगळे ठेवले पाहिजेत: आकडा फलकावर लागावा, नाव कपाटात राहावे. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे ३१ वे कलम नेमके हेच सांगते, की सरकारांनी ही माहिती गोळा करावी आणि माणसाचे खासगीपण सांभाळून करावी. आपल्या देशाने १ ऑक्टोबर २००७ रोजी या करारास मान्यता दिली आहे. आणि विचारायचे ते शक्यतो त्या माणसालाच. माझ्या बहिणीसमोर बसून, तिच्या डोळ्यांकडे पाहून, जरा सावकाश विचारले असते तर तिने स्वतः उत्तर दिले असते. ओठांवरून तिला बरेच कळते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ हा दिवस धरून करायचे ठरले आहे, आणि या वेळी प्रगणक मोबाईलवर माहिती भरणार आहेत. यंत्र नवे आले तरी 'घरात कोणी अपंग आहे का?' एवढेच ओसरीवरून विचारले गेले, तर माझ्या मते तेच उत्तर फक्त अधिक वेगाने दिल्लीला पोचेल.

दिल्लीचे दिल्ली पाहील. आपल्या महाविद्यालयाचे काय? प्रवेश अर्जात एक चौकोन आहे: 'दिव्यांग: होय/नाही. होय असल्यास प्रमाणपत्राची प्रत जोडावी.' २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यासाठी हा चौकोन हवाच. पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला फळ्यावरचे काही दिसत नाही. ती शेजारणीच्या वहीतून उतरवते आणि तिच्या चौकोनात 'नाही' आहे. भूगोलाचे तास दुसऱ्या मजल्यावर होतात, म्हणून एकाने भूगोल घेतलाच नाही; त्याच्याही चौकोनात 'नाही' आहे, कारण त्याच्याकडे कागद नाही. परीक्षेला लेखनिक मिळतो, वाढीव वेळ मिळतो, हे नियम पुष्कळांना तृतीय वर्षात कळतात.

माझी सूचना साधी आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश अर्जाबरोबर सहा प्रश्नांची एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर नाव लिहिण्याची सक्ती नसावी, प्रमाणपत्र मागू नये, पण वर्ग आणि विषय मात्र लिहावेत. चिठ्ठ्या बंद पेटीत पडाव्यात. मोजायचे काम राष्ट्रीय सेवा योजनेचे आम्ही दहाजण करू. कोणता वर्ग तळमजल्यावर आणावा, कोणत्या वर्गात फळ्याचे अक्षर मोठे हवे, कोठे प्राध्यापकांनी तोंड वर्गाकडे ठेवून बोलावे, एवढे त्यातून कळले तरी वेळापत्रक लावायच्या आत ते कळलेले असेल. चिठ्ठीचा नमुना मी हाताने लिहून मा. प्राचार्यांकडे दिला आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहे.